दाताच्या मुळातील लेप आणि डेन्टिनची घडण

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्य व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझे नाव आणि त्याखालील विषय वाचून आपल्यापैकी अनेकांना मुद्रणदोषाची शंका आली असेल. ती रास्तच आहे. मी बी. कॉम. झालेला कापड व्यापारी. गेली चाळीस वर्षे गादीवर बसून तागे उलगडणे आणि घड्या घालणे, एवढाच माझा उद्योग. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस मी करीत आहे, याचे कारण या विषयाची फी मी माझ्या एका दाताने भरलेली आहे.

२०११ साली माझ्या उजव्या बाजूच्या खालच्या दाढेचे रूट कॅनॉल झाले. तीन बैठकांत काम पूर्ण झाले. ठणका थांबला. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी बजावले, ‘शेठजी, यावर कॅप बसवून घ्या. विलंब करू नका.’ त्यांच्या दवाखान्यातून पुन्हा एकदा दूरध्वनीही आला. परंतु दिवाळीचा हंगाम तोंडावर होता, आणि जे दुखत नाही त्यावर खर्च कशाला, असा व्यापारी हिशेब मी मनाशी मांडला. तो हिशेब पुढे सुमारे तीन वर्षे बरोबर येत राहिला. २०१४ साली एका दुपारी दुकानात फुटाणे खात असता दाढेतून बारीकसा आवाज आला. क्ष-किरण छायाचित्र निघाले, तपासणी झाली. दाढेचे मूळ उभे चिरले होते. दाढ काढावी लागली. यात डॉक्टरांचा तिळमात्र दोष नाही. दोष सर्वस्वी माझा.

माझी पुतणी त्या वेळी दंतवैद्यकात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. ती म्हणाली, ‘काका, तो दात टाकू नका. मला द्या.’ तिने तो आडवा कापला, घासून गुळगुळीत केला आणि एके दिवशी मला महाविद्यालयात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली दाखविला. मध्यभागी गुलाबी ठिपका होता, तो गट्टापर्चा. त्याच्या भोवती फिकट पांढरी बारीक कड. त्याबाहेर पिवळसर डेन्टिन, आणि त्या डेन्टिनमधून आरपार गेलेली काळी रेघ. ही रेघ म्हणजे माझा फुटाणा.

‘ही पांढरी कड कसली?’ मी विचारले.

‘सीलर, काका. मुळात भरतात तो लेप. माझा सगळा अभ्यास या कडेवरच चालला आहे.’

मी म्हटले, ‘म्हणजे यानेच माझा दात फोडला का?’

ती हसली आणि म्हणाली, ‘ते एका वाक्यात सांगता येणार नाही.’ तिने पुढे अनेक रविवारी जे समजावून दिले आणि त्यानंतर मी स्वतः जे वाचले, ते आज आपणापुढे ठेवीत आहे.

आपण ज्याला दात म्हणतो त्याचा चकचकीत बाह्य थर म्हणजे एनॅमल. तो जवळजवळ संपूर्ण खनिज आहे, वजनाने सुमारे ९६ टक्के. परंतु दाताचा मुख्य देह, आणि मुळाचा तर बहुतेक सर्व भाग, डेन्टिनचा असतो. डेन्टिनमध्ये वजनाने सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय द्रव्य आणि १० टक्के पाणी असते. खनिज म्हणजे कॅल्शियम व फॉस्फरसचे संयुग, ज्याला हायड्रॉक्सिॲपेटाइट म्हणतात. सेंद्रिय द्रव्यात बहुतांश कोलॅजेन नावाचे तंतुमय प्रथिन असते. माझ्या भाषेत सांगायचे तर कोलॅजेन हा धागा आणि खनिज ही खळ. खळ धुऊन गेली की कापड लुळे पडते. धागा जळाला आणि खळ तेवढी राहिली तर कापड ताठ दिसते, पण बोट लावताच फाटते. डेन्टिनचे बळ या दोहोंच्या मिलाफात आहे. एक कमी झाला तर दुसरा त्याची भरपाई करीत नाही.

शिवाय हे डेन्टिन भरीव नाही. नसेजवळ त्याच्या एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे ४५,००० सूक्ष्म नलिका असतात, बाहेरच्या कडेला सुमारे २०,०००, आणि मुळाच्या टोकाकडे त्याहून कमी. आतल्या बाजूस प्रत्येकीची रुंदी साधारण अडीच मायक्रॉन. कापसाचा एक तंतू १२ ते २० मायक्रॉन रुंद असतो. म्हणजे एका तंतूच्या रुंदीत अशा पाच-सहा नलिका शेजारी शेजारी मावतील. मुळात आपण जे काही ओततो किंवा भरतो, त्याला शिरायला एवढे दरवाजे उघडे असतात.

लेपाकडे येण्यापूर्वी धुलाईविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण सीलर ज्या डेन्टिनला भेटतो ते आधीच धुतलेले असते. नस काढल्यावर मुळाची पोकळी सोडियम हायपोक्लोराइटने धुतात. आपल्या व्यवसायातील मंडळींना हे नाव परके नाही. कोरे कापड पांढरे करण्यासाठी कापड उद्योगाने हेच द्रव्य वापरले. ब्लीच जास्त झाले की कापड दिसते शुभ्र, पण धाग्याची ताकद गेलेली असते. असे तागे मी स्वतः परत पाठविले आहेत. दातातही तेच घडते. हायपोक्लोराइट जंतू मारते, उरलेली नस विरघळविते, हे त्याचे मोठे उपकार. पण त्याबरोबर पृष्ठभागावरील कोलॅजेनही खाते.

दुसरे द्रव्य ईडीटीए. रंगाई विभागात पाण्याचा जडपणा बांधून ठेवण्यासाठी जे वापरतात तेच. ते कॅल्शियमला पकडते. मुळाच्या उपचारात ते १९५७ साली नॉर्वेच्या नीगार्ड-ओस्टबी यांनी आणले. फाइलने घासताना भिंतीवर जो चिखलासारखा थर बसतो, तो काढण्यासाठी १७ टक्क्यांचे ईडीटीए वापरतात. एक मिनिट पुरे होते. दहा मिनिटे ठेवले तर नलिकांची तोंडे झिजून रुंद होतात, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. एक द्रव्य धागा काढते, दुसरे खळ काढते. म्हणून डॉक्टर घड्याळ पाहून धुतात, तेव्हा रुग्णाने खुर्चीत चुळबूळ करू नये.

आता भरणाविषयी. गुलाबी गट्टापर्चा हा मलाया भागातील झाडांचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालील तारायंत्राच्या तारांवर याचेच वेष्टन असे, आणि १८६७ पासून तो दातांच्या मुळात भरला जात आहे. मूळ झाडाचे आहे हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्या मंडळींपैकी पुष्कळांनी मला हा प्रश्न खासगीत विचारला. गंमत अशी की आजच्या गट्टापर्चाच्या काडीत त्या चिकाचे प्रमाण सुमारे एक पंचमांशच असते. बाकी बहुतांश झिंक ऑक्साइड. हा पदार्थ चिवट आणि निरुपद्रवी आहे, पण डेन्टिनला चिकटत नाही. काडी आणि भिंत यांमध्ये फट राहते, आणि त्या फटीतून जंतू परत येतात. ती फट बुजविण्यासाठी जो पातळ लेप लावतात तो सीलर. माझ्या दाढेतली ती पांढरी कड.

मी समजत होतो की गोदामात गठ्ठा ठेवावा तसा हा लेप मुळात पडून राहतो. तसे नाही. लेप ओला असताना आणि पुढेही बराच काळ तो डेन्टिनशी देवघेव करीत असतो. कोणता लेप काय घेतो आणि काय देतो, यातच सारा विषय आहे.

सर्वांत जुना आणि स्वस्त लेप झिंक ऑक्साइड व युजेनॉल यांचा. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलाचा मुख्य अंश. दाढ दुखली की आजी लवंग धरायला सांगत असे, तेच हे. जस्त आणि युजेनॉल एकत्र आले की घट्ट होतात. पण ओलाव्याने हे लग्न हळूहळू मोडते आणि मोकळे झालेले युजेनॉल डेन्टिनमध्ये शिरते. युजेनॉलला धातूचे आयन धरण्याची सवय आहे. जस्त सुटले तर ते समोरच्या कॅल्शियमला धरते. युजेनॉलच्या संपर्कात डेन्टिनचा कठीणपणा घटतो का, याचे मोजमाप प्रयोगशाळांत १९७० च्या दशकापासून होत आले आहे, आणि घट दाखविणारे निष्कर्ष आलेले आहेत. याहून व्यवहारात जास्त जाणवणारा परिणाम वेगळाच आहे. युजेनॉल रेझिनच्या भरणाला नीट घट्ट होऊ देत नाही. दाताच्या रंगाचे आधुनिक भरण किंवा रेझिनने चिकटविण्याची खुंटी जर अशा मुळात बसवायची असेल, तर भिंत आधी स्वच्छ करावी लागते. वरची दुरुस्ती करणाऱ्या डॉक्टरांना आत काय भरले आहे हे ठाऊक असणे म्हणूनच आवश्यक आहे.

दुसरा वर्ग इपॉक्सी रेझिनचा. स्वित्झर्लंडच्या आंद्रे श्रोडर यांनी १९५० च्या दशकात याचा पाया घातला. त्यातून आलेला एएच-२६ हा लेप अनेक वर्षे जगभर चालला, आणि त्याची सुधारित आवृत्ती एएच प्लस हा आज इतर लेपांना तोलण्याचा वजनकाटा मानला जातो. इपॉक्सी डेन्टिनचे खनिज फारसे हलवीत नाही. त्याचा संबंध धाग्याशी येतो. कोलॅजेनच्या उघड्या अमिनो गटांशी ते रासायनिक बंध जुळविते, असे मानतात. रंग पक्का व्हावा म्हणून आपल्याकडे कापडाला तुरटी देत. तुरटी धाग्याला धरते आणि रंगाला धरते. येथे लेप स्वतःच धाग्याला धरतो. मात्र जुन्या एएच-२६ मध्ये दोन उणिवा होत्या. घट्ट होताना त्यातून फॉर्माल्डिहाइड सुटे, आणि त्यातील चांदीच्या भुकटीने दाताचा रंग काळवंडे. नव्या आवृत्तीत चांदी नाही आणि फॉर्माल्डिहाइडचे प्रमाणही अत्यल्प आहे.

तिसरा वर्ग कॅल्शियमच्या लेपांचा, आणि यावर आमच्या घरी सर्वाधिक वाद झाला. माझे साधे तर्कट असे की डेन्टिनमध्ये कॅल्शियम आहे, तर लेपात कॅल्शियम घालावे, दात बळकट होईल. पुतणी म्हणाली, ‘काका, कॅल्शियम एकटे येत नाही. आपल्याबरोबर क्षार घेऊन येते.’ कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा पीएच सुमारे १२.५ असतो. जंतूंना तो मारतो हे खरे, पण खनिज आणि कोलॅजेन यांना जोडणारी प्रथिनेही त्याने दुबळी होतात. २००२ साली अँड्रेझन आणि सहकाऱ्यांनी कोवळ्या मेंढ्यांच्या काढलेल्या दातांच्या मुळांत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून ठेवले, तेव्हा सुमारे वर्षभरात त्या मुळांचे बळ निम्म्यावर आले. हा तात्पुरत्या औषधाचा प्रयोग आहे, कायमच्या सीलरचा नाही, आणि तोंडातलाही नाही. तरी त्यानंतर हे औषध महिनोन्‌महिने मुळात ठेवून देण्याविषयी दंतवैद्य अधिक सावध झाले.

आज ज्यांची जाहिरात सर्वांत जास्त होते ते बायोसिरॅमिक सीलरही कॅल्शियमचेच, पण कॅल्शियम सिलिकेटचे. त्यांचे मूळ १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी विकसित केलेल्या एमटीए या द्रव्यात आहे, आणि एमटीएचे मूळ चक्क पोर्टलँड सिमेंटमध्ये, ज्याचे पेटंट १८२४ चे आहे. आपल्या घराचा स्लॅब आणि दाढेचे मूळ यांची सोयरीक कोणी जुळविली असेल असे मला स्वप्नातही वाटले नसते. या लेपाला घट्ट होण्यासाठी पाणी लागते, आणि ते पाणी तो डेन्टिनच्या नलिकांतूनच घेतो. घट्ट होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड सोडतो. शरीरद्रवातील फॉस्फेट मिळाले की त्याच्या पृष्ठभागावर ॲपेटाइटचा थर जमतो, आणि ऊतींना तो मानवतो. २०१२ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी या वर्गातील एका सिमेंटच्या शेजारच्या डेन्टिनमध्ये खनिज झिरपलेला पट्टा दाखविला. त्यांचे म्हणणे असे की क्षारता आधी कोलॅजेनला कुरतडते आणि मग त्या वाटेने खनिज आत जाते. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासाने अशा द्रव्यांच्या दीर्घ संपर्काने कोलॅजेनच्या जाळ्याची हानी होते, असे नोंदविले. दोन्ही निष्कर्ष एकाच घटनेच्या दोन बाजू असू शकतात.

येथे मला जमाखर्च आठवतो. डेन्टिनची घडण तपासताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कॅल्शियम आणि फॉस्फरसचे प्रमाण मोजतात. शुद्ध हायड्रॉक्सिॲपेटाइटमध्ये कॅल्शियमच्या दहा अणूंना फॉस्फरसचे सहा अणू असतात. लेप लावल्यावर कॅल्शियम वाढलेले आढळले, तर डेन्टिन सुधारले असे म्हणावे का? लेपातलेच कॅल्शियम नलिकांत जाऊन बसले असेल तर आकडा वाढेल, पण ती परक्याची ठेव आहे, दाताचे भांडवल नव्हे. हे मी पुतणीला म्हटले तेव्हा ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, ‘आमच्या परीक्षकांनीही हेच विचारले होते.’ बी. कॉम.चा एवढा उपयोग मला यापूर्वी झाला नव्हता.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे वळतो. सीलरने माझा दात फोडला का? हे जे बदल मी सांगितले ते बहुतांशी भिंतीच्या कडेला, मायक्रॉनांच्या मापात घडतात. मुळाची भिंत मिलिमीटरमध्ये मोजतात. रूट कॅनॉल केलेला दात वाळलेल्या लाकडासारखा ठिसूळ होतो, अशी पूर्वापार समजूत होती. १९९२ साली सेजली आणि मेसर यांनी उपचार झालेले तेवीस दात आणि त्याच व्यक्तींच्या विरुद्ध बाजूचे जिवंत दात तपासले, तेव्हा डेन्टिनच्या गुणात म्हणण्यासारखा फरक त्यांना आढळला नाही. त्यापूर्वी १९८९ साली मेसर आणि त्यांचे सहकारी यांनी दुसरे मोजमाप केले होते. केवळ मुळाच्या उपचाराने दाताचा ताठपणा सुमारे ५ टक्के कमी होतो, चावण्याच्या पृष्ठावरील खड्ड्याने २० टक्के, आणि दोन्ही बाजूंच्या कडा गेलेल्या खड्ड्याने ६३ टक्के. माझ्या दाढेच्या दोन्ही कडा किडीने आधीच गेल्या होत्या. वर कॅप नव्हती. तीन वर्षे मी तिच्यावर फुटाणे फोडीत होतो. सीलरवर खटला भरण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत कॅप न बसविलेले उपचारित दात कॅप असलेल्यांच्या मानाने सहापट वेगाने गमावले गेले, असे आढळले. हा आकडा मला २०११ साली ठाऊक असता, तर दिवाळी हंगामातला एक दिवस मी खचित काढला असता.

मग सीलरची माहिती आपल्याला कशासाठी? आमच्या घरातलेच सांगतो. आमच्या सौभाग्यवतींच्या एका पुढच्या दाताचे रूट कॅनॉल १९८० च्या दशकात झाले. कालांतराने तो दात करडा पडला. फोटो काढताना त्या हसायचे टाळू लागल्या. कन्येच्या विवाहाच्या अल्बमात त्यांचे एकही उघडे हसू नाही. दात सुधारून घ्यायचे ठरले, तेव्हा नव्या डॉक्टरांनी विचारले, ‘आत काय भरले होते?’ चांदीयुक्त लेप असेल तर एक मार्ग, युजेनॉलचा असेल तर चिकटविताना वेगळी काळजी. आमच्याकडे उत्तर नव्हते. दुकानातील १९७५ च्या उधारीची वही माझ्याजवळ आजही आहे, पण पत्नीच्या दातात काय गेले याची चिठ्ठी कोणी ठेवली नाही. बायोसिरॅमिकच्या बाबतीत तर हे अधिक महत्त्वाचे, कारण एकदा पूर्ण घट्ट झाल्यावर मुळातून ते पुन्हा काढणे बरेच कष्टाचे असते.

म्हणून उपचार झाला की डॉक्टरांकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: सीलरचे नाव, भरण पूर्ण झाल्याची तारीख आणि कॅप केव्हा बसवायची. यात डॉक्टरांवर अविश्वास नाही. आपण सोने घेतो तेव्हा पावती मागतो, तितकेच हे साधे आहे. कोणता सीलर चांगला, हा निर्णय मात्र त्यांच्यावर सोडावा. मुळाचा आकार, ओलावा, पुढे खुंटी बसवायची की नाही, या सर्वांवर तो अवलंबून असतो, आणि महाग तो चांगला हा नियम कापडालाही सरसकट लागू पडत नाही.

गेल्या वर्षी माझ्या डाव्या बाजूच्या दाढेचे रूट कॅनॉल झाले. इपॉक्सीचा लेप वापरला आहे. भरणानंतर तेराव्या दिवशी कॅप बसली. चिठ्ठी दुकानाच्या तिजोरीत आहे, आणि फुटाणे मी आता सोलून, हळू खातो.

पुतणी आज पहिल्या रांगेत बसली आहे. माझ्या बोलण्यात काही शास्त्रीय प्रमाद झाला असेल तर तिने तो येथेच दुरुस्त करावा, आणि आपले प्रश्नही तिलाच विचारावेत.